तू त्या भिंतीपाशी उभा राहिलास, म्हणून हे पत्र

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. कोस्टारिकात, सान होजेच्या त्या जुन्या किल्ल्यापाशी तू लेकीबरोबर उभा आहेस तो फोटो तिने डोळ्यांजवळ नेऊन बघितला आणि भिंतीला भोकं कसली म्हणून विचारलं. गोळ्यांची, म्हटलं. १९४८ साली तिथे आपसातच लढाई झाली, चव्वेचाळीस दिवसांची, दोनेक हजार माणसं गेली. मग जिंकलेल्या बाजूचा पुढारी होसे फिगेरेस १ डिसेंबरला हातात घण घेऊन त्याच किल्ल्यावर आला, भिंतीवर घाव घातला आणि आजपासून या देशाला सैन्य नाही म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी घटनेतच तसं लिहून टाकलं. आता तिथे संग्रहालय आहे. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तिथल्या बायकांना तारेची भीती नसेल."

तुला आठवतंय ना, आपल्या लहानपणी पोस्टमनच्या हातात तार दिसली की आमची आळी कशी चिडीचूप व्हायची.

तू विचारलंस की एवढासा देश सैन्य मोडून पोरांना शाळा आणि दवाखाने देतो, मग आपण दरवर्षी लाखो कोटी बंदुकांवर का घालतो. उत्तर लगेच लिहायला बसलो होतो, पण दोन ओळींच्या पुढे जाईना. मी सैन्यातल्या हवालदाराचा मुलगा. आमच्या घरातली विहीर, माझं डी.एड., आईचं पेन्शन, सगळं त्याच पैशातून आलेलं. म्हणून म्हटलं, आधी नीट विचार करावा.

पहिली गोष्ट. घणाची गोष्ट तू लिहिलीस, तिच्या पुढची राहिली. सैन्य मोडून दहा-बारा दिवस होतात न होतात तोच शेजारच्या निकाराग्वातून हत्यारबंद लोक घुसले. त्यांचेच हरलेले विरोधक होते, पण पाठबळ शेजाऱ्याचं. कोस्टारिकाने अमेरिका खंडातल्या देशांच्या संघटनेकडे धाव घेतली आणि निभावलं. १९५५ मध्ये पुन्हा तेच. त्या वेळी अमेरिकेने त्यांना चार लढाऊ विमानं एकेक डॉलरला दिली. २०१० साली निकाराग्वाचे सैनिक नदीकाठच्या एका तुकड्यावर येऊन बसले तेव्हा हे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये निकाल आपल्या बाजूने घेऊन आले. मला यात त्यांचा कमीपणा वाटत नाही. आपला शेजार कोण, आपल्या मागे कोण उभं राहील आणि आपल्याला काय झेपेल, हे त्यांनी ओळखलं. सैन्य नसलं की सैन्याचं बंड होत नाही, हेही ओळखलं. त्या भागात जनरलांनी किती देश गिळले ते तू तिथे ऐकलंच असशील. आपल्या शेजारी पाकिस्तानात १९५८, १९७७, १९९९ असं तीनदा झालं. मोठं सैन्य घरातच मालक होऊन बसलं, तर बाहेरच्या शत्रूची गरज राहत नाही.

पण वसंता, शेजार काही निवडता येत नाही. आपली जमिनीवरची सरहद्द पंधरा हजार किलोमीटरची आणि मागे उभं राहील असं खात्रीने सांगता येईल असं कुणी नाही. गलवानला २०२० च्या जूनमध्ये आपले वीस जण गेले, तेव्हा कुठलं न्यायालय मध्ये पडणार होतं? म्हणून सैन्य मोडायचा प्रश्न माझ्या मनात येतच नाही. किती, कसं आणि कुणाच्या जिवावर, एवढाच येतो.

आबा, माझे वडील, एएससीत, म्हणजे लष्कराला रसद पोचवणाऱ्या दलात, ड्रायव्हर होते हे तुला माहीत आहे. १९६२ च्या ऑक्टोबरात ते तेजपूरहून बोमडिलाच्या रस्त्यावर गाडी चालवत होते. त्यांनी त्या लढाईबद्दल आम्हाला कधी सरळ सांगितलं नाही. गाडीच्या मागच्या फळीवर बसून वर गेलेल्या पोरांच्या अंगावर उन्हाळ्याचे सुती कपडे होते, एवढं मात्र ते परत परत सांगायचे. एकेक घोंगडी, खिशात मोजक्या गोळ्या आणि खांद्यावर थ्री नॉट थ्री. खाली मैदानात राहिलेली पोरं थेट तेरा-चौदा हजार फुटांवर. उतरताना त्याच गाडीतून काही परत आली, पाय काळे पडलेले. एकाने बूट काढायला सांगितले म्हणून आबांनी लेस सोडली, तर मोजा कातडीसकट निघाला. हे मला आबांनी एकदाच सांगितलं, मी शिक्षक म्हणून लागलो त्या वर्षी, शेतावर. त्यानंतर कधीच नाही.

म्हणून गावातलं कुठलंही पोरगं भरती झालं की आबा वडूजच्या बाजारातून लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड आणून त्याच्या हातात द्यायचे. पेढे नाहीत, शर्टपीस नाही, मोजे. लोक हसायचे. तुझे वडीलही हसले होते एकदा.

आता बघ, बासष्टला आपल्याकडे सैन्य लहान होतं असं नाही. लाखांनी माणसं होती. जिथे लढायचं तिथली त्यांची तयारी नव्हती, तिथवर रस्ता नव्हता, आणि वरच्यांना खालच्यांचं ऐकून घ्यायचं नव्हतं. त्याच नोव्हेंबरात यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण शाळेच्या निबंधात किती वेळा लिहिलं! पण त्यांनी तिथे काय केलं हे कुठल्या गुरुजींनी आपल्याला शिकवलं नाही, आणि पुढे गुरुजी होऊन मीही शिकवलं नाही. त्यांच्या काळात पहिल्यांदा पाच वर्षांचा आराखडा झाला: सव्वाआठ लाखांचं लष्कर, डोंगरात लढायला खास दहा डिव्हिजन, हवाई दलाच्या पंचेचाळीस स्क्वाड्रन. काय हवं, कशासाठी हवं आणि त्याला किती लागेल, असा तो विचार होता. नुसता आकडा वाढवणं त्यात नव्हतं. पासष्टला आणि एकाहत्तरला देश उभा राहिला त्यात या कामाचा मोठा वाटा आहे, असं मला मनापासून वाटतं.

खर्चाचे आकडे तू विचारलेस. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटी. त्यातले १ लाख ६० हजार कोटी पेन्शनचे आणि १ लाख ८० हजार कोटी नव्या विमानांना, जहाजांना, तोफांना. बाकीचा मोठा भाग पगार आणि रोजचा खर्च. केंद्राच्या आरोग्य खात्याला सुमारे १ लाख कोटी. दवाखान्यांचा बराच खर्च राज्यं करतात, तेव्हा ही तुलना सरळ करू नये. तरीही हे दोन आकडे शेजारी लिहिले की माझा हात थांबतो. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साप चावलेल्या पोरीला लस नव्हती आणि जीपमधून साताऱ्याला नेईपर्यंत काय झालं, ते मी बघितलंय. तीही या देशाचीच होती. सैन्य तिच्यासाठीही आहे.

सैन्याचा खर्च रयतेच्या पोटातून येतो हे आपल्याला कुणी परक्याने शिकवायची गरज नाही. १६७३ मध्ये चिपळूणजवळ हलवर्ण्याला मराठ्यांची फौज पावसाळ्यासाठी थांबली होती. महाराजांनी तिथल्या अंमलदारांना पत्र लिहिलं. दाणागोटा, वैरण आत्ताच उधळून टाकाल तर पुढे काही उरणार नाही, मग कुणब्याचे दाणे, गवत, भाजी ओरबाडायला जाल, आणि लोकांना वाटेल यापेक्षा मोगल आले असते तरी बरं. रात्री दिवा जळता ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंज्या जळतील, इथवर त्यात आहे. राजाने उंदराचा विचार केला, वसंता. कारण ते गवत कुणाच्या शिवारातून आलंय हे त्याला ठाऊक होतं. पावणेसात लाख कोटींवर सही करणाऱ्याला तितकं दिसलं पाहिजे असं मला वाटतं.

आणि काही खर्च असा आहे की त्याचा हिशेब रुपयांत मांडताच येत नाही. १९८४ पासून आपण सियाचीनवर बसलो आहोत. तिथे गोळीपेक्षा बर्फाने आणि विरळ हवेने जास्त माणसं नेली. २०१६ च्या फेब्रुवारीत एकोणीस हजार फुटांवरची एक चौकी हिमकड्याखाली गाडली गेली. दहा जण गेले, त्यातला एक आपल्या सातारा जिल्ह्यातला. समोरचा उतरत नाही म्हणून आपण उतरत नाही, आपण उतरत नाही म्हणून तो उतरत नाही. यातून दोघांनी मिळून खाली यायची बोलणी पूर्वी झाली आहेत, पुन्हा व्हावीत. असं बोलणं सैनिकाचा अपमान आहे असं कुणी म्हणालं तर मी त्याला आबांच्या मोज्यांची गोष्ट सांगेन.

आता मला खरं सलतंय ते लिहितो.

आपल्या माण तालुक्यात घरातून बाहेर पडायच्या दोन वाटा होत्या. पलटण, नाहीतर गलाई. तुझे वडील सेलमला सोनं गाळायला गेले, माझे आबा बेळगावला भरतीच्या रांगेत उभे राहिले. दोघेही एकाच दुष्काळातून निघाले. दोघांनाही देशभक्ती नव्हती असं मी म्हणत नाही, पण आधी भाकरी होती. आपल्या तालुक्यात छावणी म्हटलं की सैन्याची आठवते तशी जनावरांचीही आठवते. २०१३ ला म्हसवडला आई स्वतः दोन म्हशी घेऊन छावणीत राहिली. पाऊस आला नाही तर पोरगं पलटणीत, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. मग देशाला सैन्य किती मोठं हवं, हा प्रश्न आमच्यासारख्या गावांना कसा विचारायचा? आम्ही म्हणणारच, मोठं हवं, अजून मोठं हवं. भरती बंद झाली की आमच्याकडे चूल विझते. देशाची गरज आणि आमची गरज यांची गाठ इतकी घट्ट बसली आहे की कुठली कुठे संपते ते आम्हालाही सांगता येत नाही.

पेन्शनचा बोजा वाढला म्हणून २०२२ मध्ये अग्निपथ आलं. चार वर्षं, मग शंभरातले पंचवीस कायम, बाकीच्यांना साधारण पावणेबारा लाख देऊन घरी. पेन्शन नाही. खर्च कमी करायला हवा हे मला पटतं, तरुण सैन्य हवं हेही पटतं. पण सगळ्यात आधी कात्री कुठे लागली? ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही त्या पोराच्या उरलेल्या आयुष्याला. आबांच्या पेन्शनवर आमची तिसरी पिढी शिकतेय. माणसं कमी घ्या, जमेल तसं कमी करत जा, पण ज्यांना घ्याल त्यांना पुरतं सांभाळा. माझं मत एवढंच आहे आणि ते बदलेल असं वाटत नाही.

भावाचा रोहित तयारी करतोय. त्याला बाप नाही म्हणून मी उठतो. पहाटे साडेचारला डांबरीवर सात-आठ पोरं असतात. एकाच्या मोबाईलची बॅटरी पुढे, बाकीचे त्या उजेडामागे. सोळाशे मीटर, साडेपाच मिनिटांच्या आत. मी घड्याळ धरून पुलाच्या कठड्यापाशी थांबतो. आधी चपळ पावलं ऐकू येतात, मग श्वास, मग माणसं दिसतात. रोहित परवा पाच मिनिटं चाळीसला आला आणि कठडा धरून ओकला. दोन घोट पाणी प्यायला आणि म्हणाला, "नाना, अजून एक मारतो." मला नको म्हणावंसं वाटलं. म्हणालो नाही.

त्या सात-आठांच्या जागी मागच्या वर्षी अकरा-बारा जण असायचे. उरमोडी आणि जिहे-कठापूर या पाणीयोजनांचं पाणी तालुक्यात येऊ लागलंय ना, ज्यांच्या शिवाराला ते लागलं त्या घरांतल्या दोघा-तिघांनी पळणं सोडून डाळिंब लावलं. भित्री म्हणून नव्हे. त्यातला एक तर सगळ्यात पुढे असायचा. त्याला आता जायलाच हवं असं उरलं नाही, एवढंच. आमचं रान वरच्या अंगाला, तिथवर अजून पाणी चढलेलं नाही. रोहितही पाणी असताना, डाळिंब असताना, तरीही जातो म्हणाला असता तर मी छाती काढून त्याला सोडायला गेलो असतो.

तुझं परतीचं तिकीट कधीचं आहे ते कळव. भरती मेळाव्याची तारीख अजून लागलेली नाही, लागली की लिहितो. आई म्हणते, तिथल्या शाळेचा एखादा फोटो काढून पाठव, पोरं मैदानात असतानाचा. आणि मुंबईला उतरल्यावर दादरला थांबणार असशील तर लोकरीचे मोजे बघून ठेव, पुरुषांचे, नऊ नंबरचे, दोन जोड. वडूजला आता चांगले मिळत नाहीत.

तुझा,
आनंदा