छातीत घुसलेली वस्तू उपसू नका

संपादक महोदय,

भांडणात छातीत चाकू घुसला, धावून आलेल्यांनी आधी तो उपसला आणि मग जखमीला ऑटोत घातलं, असे रुग्ण मी कॅज्युअल्टीतल्या नोकरीत पुष्कळ पाहिले. उपसणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण रुतलेलं पातं किंवा सळई कापलेली रक्तवाहिनी बरेचदा आतून दाबून धरते. ती काढली की रक्त छातीच्या पोकळीत उतरतं. तिथे एका बाजूला दीड लिटरहून जास्त रक्त साचू शकतं, आणि बाहेर मात्र शर्टावर एवढासा डाग! म्हणून वस्तू आहे तिथेच राहू द्या, दोन्ही बाजूंनी दुपट्ट्याच्या जाड घड्या लावून ती हलू देऊ नका, आणि १०८ला फोन करा. काढायची ती सर्जन काढतील.

वस्तू नसेल आणि भोकातून श्वासागणिक हवा फुसफुसत असेल, तर लोकांना पहिल्यांदा सुचतं ते भोक घट्ट बंद करणं. आम्हालाही पूर्वी प्लास्टिक लावून तीन बाजूंनी चिकटपट्टी मारायला शिकवत. २०१५ पासूनची आंतरराष्ट्रीय प्रथमोपचार मार्गदर्शक तत्त्वं मात्र सामान्य माणसाला सांगतात की अशी जखम उघडी राहिली तरी चालेल, हवाबंद करू नका. फुप्फुसातून गळणारी हवा छातीत कोंडली तर फुप्फुस मिटतं, हृदयावर दाब येतो आणि माणूस काही मिनिटांत जाऊ शकतो. रक्त जोरात वाहत असेल तर कापडाने दाबावंच लागेल, पण रक्ताने भिजलेलं कापडही झाकणासारखं बसतं. दम वाढला तर ते लगेच उचला. जखमी शुद्धीवर असेल तर त्याला जमेल तसं रेलून बसवा. आणि ते ‘पाणी पाजा, पाणी पाजा’ कृपा करून थांबवा. त्याला लगेच भूल द्यावी लागू शकते, आणि भुलीत पोटातलं पाणी उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं.

हे सगळं कळूनही लोक पुढे येत नाहीत, कारण पोलिसांची भीती. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८९च्या परमानंद कटारा निकालानुसार डॉक्टरांनी आधी उपचार करायचे, पोलिसी सोपस्कार नंतर. मदत करणाऱ्याला संरक्षण देणारं मोटार वाहन कायद्यातलं १३४अ कलम मात्र फक्त वाहन अपघातापुरतं आहे. म्हणजे वर्धा रोडवर ट्रकमधून बाहेर आलेली सळई दुचाकीस्वाराच्या छातीत घुसली तर मदतनीस सुरक्षित, आणि इतवारीच्या गल्लीत कोणाला भोसकलं तर तोच मदतनीस पंचनाम्याच्या धास्तीने काढता पाय घेणार. जखम तर सारखीच! हे संरक्षण चाकूहल्ल्यातल्या जखमीला उचलणाऱ्यालाही मिळावं, यासाठी नागपूरच्या आमदारांनी हिवाळी अधिवेशनात विषय लावून धरावा. तोवर पोलीस आयुक्तालयाने निदान एवढं जाहीर करावं की जखमीला मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत पोहोचवणाऱ्याला नाव-पत्त्यासाठी अडवून ठेवलं जाणार नाही.

– एक निवृत्त परिचारिका, नागपूर