वैद्यकीय शिक्षणात ग्रामसभेलाही जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नंदुरबारचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२० मध्ये आणि गडचिरोलीचे २०२४ मध्ये सुरू झाले. या महाविद्यालयांविषयी जे छापून येते, ते बहुधा जमीन, इमारत, खाटा आणि रिक्त पदे यांबद्दल असते, आणि ते प्रश्न खरेच आहेत. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीत शंभरातील सुमारे ३९ आणि नंदुरबारमध्ये ६९ माणसे अनुसूचित जमातींची आहेत. अशा जिल्ह्यांत डॉक्टर घडवताना त्या समाजाचे स्थान काय असावे, याची चर्चा मात्र माझ्या वाचनात फारशी आलेली नाही. तपासणीच्या टेबलावरची जागा या समाजाला आधीपासून आहे. आता ग्रामसभांना शिक्षकाचीही जागा मिळावी, लेखी आणि मानधनासह मिळावी, यासाठी हे पत्र.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी बंधपत्राची, म्हणजे पदवीनंतरची सक्तीची सरकारी सेवा गडचिरोली जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात केली. मला तिथली माडिया भाषा येत नव्हती. दिवसा केंद्रातले शिपाईकाका दुभाष्याचे काम करत. ते संध्याकाळी घरी गेले की रुग्ण आणि मी एकमेकांकडे नुसते पाहत बसत असू. एका बाळंतिणीला ताप असताना तिच्या घरच्यांनी दुसऱ्या रात्री तिला खाटेवर घालून परत नेले. मी केसपेपरवर ‘डामा’ लिहिले, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध निघून गेले. काही आठवड्यांनी काकांकडून कळले, की तिच्या सासूला रात्री तिच्याजवळ बसू द्यावे, एवढेच ते लोक मला पुन्हा पुन्हा विनवत होते. ती बाई वाचली, त्यात माझे श्रेय काही नाही. न समजण्याची चूक माझी होती. नोंद मात्र त्यांच्या नावावर झाली. साडेपाच वर्षांच्या शिक्षणात मला ज्याची सर्वांत जास्त गरज होती, ते त्या शिपाईकाकांना येत होते, आणि त्यांना शिक्षक म्हणण्याचे कोणाच्याही मनात आले नाही, माझ्याही नाही.

याच जिल्ह्यात याहून वेगळे घडलेले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ या आरोग्यसंस्थेचे काम सुरू केले. रुग्णालय कसे असावे हे त्यांनी आदिवासींनाच विचारले, म्हणून शोधग्राम या संस्थेच्या वसाहतीतले रुग्णालय दंतेश्वरी देवीच्या नावाने, झोपड्यांच्या वस्तीसारखे, रुग्णासोबत नातेवाइकांना राहता येईल असे उभे राहिले. माझ्या त्या बाळंतिणीच्या सासूला तिथे विनवणी करावी लागली नसती. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला श्वास मोजावे लागतात. गावातल्या दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते, तेव्हा दायांना नालायक न ठरवता एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी यांचा श्वासमापक तयार झाला. पुढे ३९ गावांतल्या निवडक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवले गेले. त्या गावांतले नवजात मृत्यू हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून देशभरातील आशा कार्यकर्त्यांच्या कामात ही पद्धत समाविष्ट झाली. जगाला उपयोगी पडलेले हे ज्ञान गावकरी आणि डॉक्टर यांनी मिळून घडवले आहे, आणि ते गडचिरोलीच्या नव्या महाविद्यालयाच्या जिल्ह्यातच आहे.

वैद्यकीय अभ्यासक्रमात आता कुटुंब दत्तक उपक्रम आला आहे. पहिल्या वर्षापासून विद्यार्थी गावात जातो, नेमून दिलेल्या कुटुंबांची पाहणी करतो, रक्तदाब आणि वजन नोंदवतो. विद्यार्थी गावात जातो ही गोष्ट चांगलीच आहे. पण ‘दत्तक’ हा शब्दच मला खटकतो. अठरा वर्षांचा मुलगा पाच-सहा माणसांचे नांदते घर दत्तक कसे घेणार? त्या घराने त्याला काही शिकवावे, तो नीट वागला की नाही हे सांगावे, अशी सोय त्या उपक्रमात मला दिसत नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीत हा दोष अधिक बोचतो. २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यापासून आदिवासी भागांत तपासण्या वाढल्या. वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, ही साधी गोष्ट समजावायला मात्र भाषा लागते, आणि तपासणीच्या निकालाचे कार्ड हातात पडलेल्या मुलीच्या लग्नाचे काय होणार, हे तिच्या गावाइतके कोणालाच कळत नाही. तिचा निकाल कोणाला सांगायचा आणि कोणाला नाही, लग्न ठरवताना सल्ला कोणी द्यायचा, हे विद्यार्थ्यांनी ग्रामसभेतल्या स्त्रियांसमोर बसून ऐकले पाहिजे.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गोंड गावाने अभ्यास गट चालवून, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत कित्येक वर्षे टिकवली आहे. बाहेरचा जाणकार आणि गावकरी तिथे एका बैठकीत शिकतात. आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याने १९९६ पासून ग्रामसभेला अधिकारही दिले आहेत. महाविद्यालयाने इच्छुक ग्रामसभांशी करार करावेत. पहिल्या वर्षी गोंडी किंवा माडिया, नंदुरबारमध्ये भिली आणि पावरी, ती भाषा बोलणाऱ्यांकडूनच शिकवली जावी आणि तिची तोंडी परीक्षा व्हावी. उत्तर ऑन्टारिओच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी पहिल्याच वर्षी चार आठवडे कॅनडातील मूलनिवासींच्या वस्तीत राहतात. धानोरा किंवा भामरागड तालुक्यात हे अशक्य नाही.

यावर कोणी विचारील, की मग भगतालाही, म्हणजे मंत्रतंत्राने उपचार करणाऱ्या गावातल्या माणसालाही, वर्गात आणायचे का? सर्पदंशाचा रुग्ण भगताकडे थांबल्यामुळे उशिरा पोचलेला मी स्वतः पाहिला आहे, त्यामुळे या प्रश्नाची थट्टा मी करणार नाही. प्रतिविषाला पर्याय नाही. पण रात्री दोन वाजता त्या घरचे लोक आधी कोणाचे दार ठोठावणार, हे ठरलेले आहे. त्या माणसाशी विद्यार्थ्याची ओळख आणि विश्वास असेल, तर रुग्ण लवकर निघेल. हे संभाषण कसे करायचे, हाही वैद्यकीय शिक्षणाचाच भाग आहे.

शेवटी पैशांबद्दल, कारण अशा योजना बहुधा तिथेच अडतात. पाहुण्या प्राध्यापकांना मानधन व प्रवासभत्ता देण्याची पद्धत आपल्याकडे रुळलेली आहे. दाई, आरोग्यदूत, भाषा शिकवणारे गावकरी आणि ग्रामसभेचे प्रतिनिधी दिवसाची मजुरी बुडवून येतील. त्यांना त्याच दराने मानधन मिळावे आणि आंतरवासितेच्या मूल्यमापनात ग्रामसभेच्या अभिप्रायाला गुण असावेत. यासाठी वैद्यकीय शिक्षण विभागाने आणि आदिवासी विकास विभागाने येत्या शैक्षणिक वर्षाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद करावी, ही विनंती आपल्या वृत्तपत्रातून त्यांच्यापर्यंत पोचावी.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी, चंद्रपूर