ट्रंकेतल्या पाकिटाविषयी

कोल्हापूर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची पहिली तीन प्रकरणे तुझ्या आईने आणि मी दोन रात्रींत वाचून काढली. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, तिच्यातली आजी आणि लंडनमध्ये राहणारी तिची आजची नात, अशा दोन काळांतून गोष्ट पुढे जाते आणि वाचताना मन कुठेही तुटत नाही. मी अडलो तो फक्त ट्रंकेपाशी. नात माळ्यावरची ट्रंक उघडते, आत लाल फितीने बांधलेली आजोबांची पत्रे सापडतात आणि आजीचे गुपित उलगडते, असे तू लिहिले आहेस. ३६ वर्षे टपालाच्या पिशव्या फोडण्यात आणि बांधण्यात गेल्यामुळे त्या पत्रांवर कोणत्या गावचा आणि कोणत्या तारखेचा शिक्का असेल, हेच माझ्या मनात आधी आले. आणि ते शोधू लागल्यावर ती पत्रे ट्रंकेत असणे मला पटेना.

आजीचा नवरा ल्वूफ (तेव्हाच्या पोलंडमधले, आजच्या युक्रेनमधले ल्विव) शहर राखताना पकडला गेलेला अधिकारी आहे, हे तू फार नेमके योजले आहेस. २२ सप्टेंबर १९३९ रोजी ते शहर सोव्हिएत फौजेच्या स्वाधीन झाले. अधिकाऱ्यांना सुखरूप जाऊ देण्याचे वचन मिळाले होते, पण त्यांना स्टारोबेल्स्कच्या बंदिछावणीत नेले. तिथून घरी पत्र लिहिण्याची मुभा असल्यामुळे काही महिने बायकांना खुशाली कळत राहिली. मग मार्च १९४० मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया याने या बंदिवानांच्या कुटुंबांच्या याद्या करण्याचा हुकूम दिला. बायकामुलांची नावे आणि पत्ते खुद्द बंदिवानांकडून घेण्यात आले, आणि १३ एप्रिल रोजी त्याच पत्त्यांवरची दारे ठोठावून हजारो बायकामुलांना मालगाड्यांतून कझाकस्तानात धाडले गेले. ताई, घरचा पत्ता सांगताना त्या नवऱ्याला काय वाटले असेल, याचा विचार मी अजून करतो आहे. निदान पत्र तरी पोचेल, असेच वाटले असेल.

आपल्याकडे पत्त्यावरचा माणूस गाव सोडून गेला असेल, तर पोस्टमन पाकिटावर ‘लेफ्ट’ असा शेरा मारतो, खाली सही आणि तारीख घालतो आणि पाकीट पाठवणाऱ्याकडे परत निघते. त्या वसंतात बायकांनी छावणीच्या पत्त्यावर धाडलेली पत्रेही ‘निघून गेले’ अशा अर्थाचा शेरा घेऊन परत येऊ लागली. त्याच आठवड्यांत स्टारोबेल्स्कच्या सुमारे ३,८०० बंदिवानांना खारकीव्हमध्ये गोळ्या घालून गुपचूप पुरले जात होते. म्हणून तुझ्या ट्रंकेत नवऱ्याची पत्रे नकोत. एकच पाकीट असू दे, आजीच्याच अक्षरातले, परत आलेले. कझाकस्तानातून कॅस्पियन समुद्रापलीकडे, तेहरान आणि कराचीमार्गे १९४३ मध्ये वळिवड्यापर्यंत तिने सांभाळून आणलेले.

आता तुझ्या तिसऱ्या प्रकरणाकडे येतो, कारण तिथे माझे तुझ्याशी पटत नाही. छावणीच्या बांधकामावरचा ओव्हरसीअर आणि ती यांच्या प्रेमाच्या आड तू जात आणि धर्म उभे केले आहेस. ते होतेच, नाही असे मी म्हणत नाही. तरीही छावणीतल्या काही मुलींनी इथल्या तरुणांशी लग्ने केली आणि त्या इथल्याच झाल्या. तुझ्या नायिकेची अडचण त्याहून वेगळी आहे. १३ एप्रिल १९४३ रोजी जर्मनांनी रशियातल्या कातिनच्या जंगलात सापडलेल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या कबरींची बातमी जाहीर केली आणि पुढे सापडलेल्यांची नावे छापली जाऊ लागली. पण कातिनमध्ये पुरलेले अधिकारी कोझेल्स्कच्या छावणीतले होते. स्टारोबेल्स्कवाल्यांची नावे त्या याद्यांत येणे शक्यच नव्हते. चटईच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेल्या बराकीत बसून ती ओळीवरून बोट फिरवते, नवऱ्याचे नाव सापडत नाही आणि ती देवाचे आभार मानते. पोलिश पुढाऱ्यांनी या हजारो अधिकाऱ्यांविषयी विचारले, तेव्हा ते मांचुरियात पळून गेले असतील, असे स्टॅलिनने सांगितले होते. तेवढ्या धाग्यावरही आशा टिकते. ती सधवा की विधवा, हे सांगू शकेल असे कोणीच तिच्याजवळ नाही. चर्चमध्ये दुसरे लग्न लावायचे, तर पाद्रीबाबा आधी नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मागणार. १९४६ मध्ये ती ओव्हरसीअरला नकार देते तो समाजाच्या भीतीने नव्हे, तर नवरा जिवंत आहे या श्रद्धेने.

आणखी एक प्रसंग मला फार हवासा वाटतो. छावणीतल्या कित्येक बायकांचे भाऊ आणि मुलगे जनरल अँडर्स यांच्या पोलिश सैन्यातून इटलीत लढत होते आणि मॉन्टे कॅसिनोचा मठ मे १९४४ मध्ये त्यांनीच घेतला. आपल्या मराठा पलटणीही त्याच वर्षी इटलीत होत्या. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबरच्या खोऱ्यात पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वळिवड्याची पोलिश बाई आणि शेजारच्या खेड्यातली नऊवारी नेसलेली बाई, दोघी एकाच देशातून येणाऱ्या पत्राची वाट पाहत आहेत, एकीला दुसरीची भाषा कळत नाही, पण पोस्टमनची सायकल दोघींनाही लांबून ओळखू येते. हा प्रसंग लिहिशील का?

छावणी १९४८ च्या सुमारास रिकामी झाली आणि तिथे सिंधी निर्वासित येऊन आजचे गांधीनगर वसले. तो भाग तू नीट लिहिला आहेस, त्याला हात लावू नकोस. पण नातीचा काळ मात्र आजचा ठेवू नकोस, तो १९९० चा कर. त्या वर्षी १३ एप्रिल रोजी सोव्हिएत सरकारने हे हत्याकांड आपल्याच पोलिसांनी केल्याची कबुली दिली आणि स्टारोबेल्स्कच्या बंदिवानांची यादीही पोलंडच्या हाती दिली. १९४०, १९४३ आणि १९९०, तिन्ही वेळा तीच तारीख! वाचकाला हा लेखकाने जुळवून आणलेला योगायोग वाटेल, म्हणून तो गाजावाजा न करता येऊ दे. लंडनमधल्या स्वयंपाकघरात पंचाहत्तरीची आजी रेडिओ ऐकते आणि तिला कळते की वळिवड्यात ओव्हरसीअरला नाही म्हटले, तेव्हा तिला विधवा होऊन सहा वर्षे झाली होती.

त्यानंतर ‘आजी, तू आमच्यापासून हे का लपवलेस?’ असे नातीने विचारू नये. लपवले ते सरकारने, पन्नास वर्षे; आजीजवळ लपवण्याइतकी माहितीच नव्हती, आणि जी वाट पाहण्यात तिचे तारुण्य गेले, ती वाट कोणाला दाखवायची असते? हे वाक्य मी जरा रागाने लिहिले आहे, पण ते खोडत नाही.

ते परत आलेले पाकीट नातीने फोडावे की न फोडताच आजीच्या हाती द्यावे, यावर मात्र तुझ्या आईचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही. तिचे म्हणणे ती रविवारी फोनवर सांगेल. माझ्या मते ते फोडू नये.

तुझा,
बाबा