भेटायला जाताना

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, मैत्रिणीचे बाबा गेले, ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलंस, पण भेटायला जायला पाय उचलत नाही. "तेच तेच बोलायचं, आई. नाटक केल्यासारखं वाटतं." तेव्हा घाईत काही सुचलं नाही, म्हणून लिहितेय.

आजी गेली ती मे २०२० मध्ये. अंत्यविधीला २० माणसांची मर्यादा होती, आपल्याकडे आठच जमली. फोन मात्र सारखे येत होते. एक नातेवाईक आजीबद्दल अर्धा तास फार सुंदर बोलले, त्यातलं एक वाक्य आज मला आठवत नाही. आठवतं ते पिठलं. आपल्या घरी त्या दिवशी चूल पेटायची नव्हती, म्हणून शेजारच्या काकू कडू घासाची पिठलं-भाकरी घेऊन दारात उभ्या होत्या. तू आतल्या खोलीत होतीस. मास्कमुळे त्यांचे डोळेच काय ते दिसत होते. "दोन घास खाऊन घे गं, पोरीकडे बघायचंय तुला," एवढंच म्हणाल्या. अशा घरी सगळेच हे म्हणतात. पण म्हणता म्हणता त्यांनी माझे सुकलेले ओठ पाहिले, घरी गेल्या आणि पाण्याचा तांब्या भरून परत आल्या.

म्हणून त्या ठरलेल्या शब्दांना खोटं म्हणू नकोस. आपलं डोकं बधिर होतं तेव्हा तेच हाताशी असतात. आणि आपली रीत किती जाणती आहे बघ. एरवी कुणाकडूनही निघताना आपण 'येते' म्हणतो. दुःखाच्या घरून मात्र काही न बोलता उठायचं, अशा कारणाने तिथे पुन्हा यायला लागू नये म्हणून.

नाटक कसं होतं, ते मला माहीत आहे. ऑफिसातल्या एकीचा नवरा गेला तेव्हा ती माझ्यासमोर रडत होती आणि मी मनात पुढचं वाक्य जुळवत होते. ती काय सांगत होती, ते मी ऐकलंच नाही. अजून सलतं ते.

रविवारी जा. तिच्या आईजवळ बस. त्यांची औषधं कोण आणतं, बँकेची कामं कोण बघतं, विचार. काही सुचलं नाही तर हात धरून गप्प बस. आणि निघताना 'येते' म्हणू नकोस.

घरी पोचलीस की मला फोन कर. कितीही उशीर होऊ दे, मी जागी असेन.

तुझी,
आई