इजिप्तमधल्या लक्सरच्या गाइडदादाला, आईकडून आणि माझ्याकडून

दादा, हे मराठीत लिहितेय, तुला मोबाइलवर ट्रान्सलेट करून वाचावं लागेल. इंग्रजीत आभार मानले की बँकेच्या ईमेलसारखे वाटतात, म्हणून.

आधी आमच्या टूर लीडरबद्दल बोलते, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. पैसे भरताना "सिनियर सिटिझन्सची काळजी आमच्यावर सोडा" आणि पहिल्याच दिवशी कर्नाकच्या देवळात, "आजींना बसमध्येच राहू दे, एसी चालू ठेवतो". अरे कर्नाक जवळजवळ सगळं सपाट आहे! १३४ खांबांचा तो मंडप सोडून आई पार्किंग बघत बसली. आणि हे सगळं तो तिच्यासमोर माझ्याशी बोलत होता, जणू ती माझी बॅग आहे आणि ठेवायची कुठे तेवढं ठरवायचंय.

दुसऱ्या दिवशी राजांच्या कबरींच्या खोऱ्यात तू आलास. त्याने तुलाही तेच ऐकवलं, ह्यांच्या आई आत जाणार नाहीत. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस, सरळ आईच्या बाकड्यापाशी जाऊन उकिडवा बसलास आणि तिलाच विचारलंस, तुम्हाला काय बघायचंय?

दादा, एवढंच. गुडघे दुखायला लागल्यापासून आईला हे कोणी विचारलंच नव्हतं. डॉक्टर मला विचारतात, नातेवाईक मला विचारतात, वेटरसुद्धा मला विचारतो की आजी काय घेणार.

आईने जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवला, तिचं उत्तर तयारच होतं. तिला आकाशाची ती देवी बघायची होती, संध्याकाळी सूर्य गिळणारी आणि सकाळी परत त्याला जन्म देणारी. तू म्हणालास, तुतनखामुन राजाच्या मागे सगळे धावतात कारण १९२२ साली ती कबर खजिन्यासकट सापडली, पण ती लहान आहे आणि पायऱ्या उतराव्या लागतात, तुम्ही चौथ्या रामसेसच्या कबरीकडे चला, तिथे उतार सौम्य आहे आणि वाट रुंद. आत गाइडने बोलायचं नसतं म्हणून छतावरची नूत देवी तू बाहेरच मोबाइलवर नीट समजावलीस आणि मग आईच्या चालीने तिच्या शेजारनं आत आलास. बाकीचा ग्रुप पुढच्या कबरीत जाऊन सेल्फी काढत होता, काढू दे.

एडफूचं देऊळ, कोम ओम्बोच्या मगरींच्या ममी, सगळं मस्तच झालं. पण आईला लागलं ते आस्वान. आस्वानच्या धरणांमुळे फिलेचं देऊळ पाण्यातनं काढून शेजारच्या अगिल्किया बेटावर उभं केलंय आणि अबू सिंबेलची देवळं तर १९६४ ते ६८ मध्ये कापून सुमारे ६५ मीटर वर नेली, हे तू बोटीत सांगत होतास. आईने मध्येच विचारलं, देवळं उचलली, माणसांचं काय केलं? तेव्हा तू सांगितलंस की तुझ्या आजोबांचं गाव धरणाच्या नासर तलावाखाली आहे. आईचं गाव कोयनेच्या शिवसागर जलाशयात गेलं. मग तुम्ही दोघं मोडक्यातोडक्या इंग्रजीत शेत, विहीर, आंब्याचं झाड, खजुराचं झाड करत बसलात, मला कोणी मध्ये घेतलं नाही. तिने ह्यातलं बरंचसं मलाही कधी सांगितलं नव्हतं रे.

लोक म्हणतात टिप मिळते म्हणून गोड बोलतात. मग आमच्या माणसाला तर आधीच पैसे दिले होते, तो का नाही बोलला? माणुसकीला ट्रेनिंग लागत नाही बहुतेक, फक्त समोरचा माणूस दिसावा लागतो. हे घरातल्यांनाही लागू आहे, आमच्या तर नक्कीच.

कंपनीने फीडबॅक फॉर्म पाठवलाय. त्यात "स्थानिक गाइड" असा रकानाच नाही, म्हणून लीडरच्या रकान्यात तुझंच कौतुक लिहून पाठवलं, करू देत काय करायचं ते.

आईने पुढच्या वेळी अबू सिंबेल ठरवलंय, मला न विचारता. पहाटेची बस, आस्वानहून येऊन-जाऊन साडेपाचशे किलोमीटर, सांगून बघितलं, ऐकत नाही. आणि तिने विचारलंय, सिगारेट सोडलीस का. खरं उत्तर दे, ती परत विचारणार.