काडतुसाची कंपनी नंतर, आधी त्याची जागा बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रानडुकरांनी केळीच्या मळ्यात धुडगूस घातला की रावेर-यावलपासून शहादा-तळोद्यापर्यंत परवानाधारक शेतकऱ्यांत एकच विषय निघतो : बारा बोरच्या बंदुकीला मोठ्या छर्‍याचे काडतूस कोणत्या कंपनीचे चांगले? प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. पत्र्याच्या शेडात दोन उन्हाळे काढलेले काडतूस कोणत्याही कंपनीचे असो, त्याचा भरवसा उरत नाही.

आधी कंपन्यांबद्दल. आपल्याकडे दुकानात प्रामुख्याने मिळते ते खडकीच्या कारखान्याचे ‘शक्तिमान’. हा कारखाना 1869 चा. ऑक्टोबर 2021 पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. मोठ्या छर्‍यासाठी आपल्याकडची एलजी, एसजी ही खूण ब्रिटिश पद्धतीची. एलजीचा छर्रा साधारण 9.1 मिलिमीटर, एसजीचा 8.4. अमेरिकी पेटीवर ‘डबल ऑट’ असते, तोही जवळपास 8.4 चाच. म्हणजे ‘परदेशी डबल ऑट भारी की आपली एसजी’ हा वाद छर्‍याच्या आकाराचा नाहीच. फरक असतो तो छर्‍याच्या कडकपणात, मुलाम्यात आणि आतल्या बांधणीत. बार उडताना मागून जो धक्का बसतो त्यात मऊ शिशाचे छर्रे चेपतात, आणि चेपलेला छर्रा वाकडा जातो. म्हणून शिशात अँटिमनी मिसळून ते कडक करतात. इटलीची फिओची छर्‍यांवर निकेलचा मुलामा देते. अमेरिकेची फेडरल तांब्याचा देते, शिवाय तिच्या काही काडतुसांत छर्रे धरून ठेवणारी ‘फ्लाइटकंट्रोल’ नावाची प्लास्टिकची वाटी असते, ती छर्‍यांचा पुंजका जास्त वेळ एकत्र ठेवते. काही कंपन्या छर्‍यांच्या फटीत प्लास्टिकचा बारीक रवा भरतात, त्यानेही चेपणे कमी होते. हे गुण खरे आहेत आणि त्यांचे पैसेही पडतात. पण मळ्याच्या राखणीपुरते बोलायचे तर योग्य लांबी, ताजा माल आणि शाबूत तोंड या तीन गोष्टींना आम्ही मुलाम्याच्या वर ठेवू.

लांबीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते आणि धोकाही तिथेच सर्वांत मोठा आहे. पेटीवर 65, 70 किंवा 76 मिलिमीटर लिहिलेले असते. ही लांबी उडाल्यानंतर उलगडलेल्या नळकांड्याची. भरलेले काडतूस त्याहून आखूड दिसते. त्यामुळे 70 चे काडतूस 65 च्या जुन्या बंदुकीत सहज बसते आणि माणूस फसतो. बार उडताना त्याचे दुमडलेले तोंड उलगडायला जागा मिळत नाही, ते नळीच्या अरुंद भागात शिरते आणि आतला दाब वाढतो. खानदेशात आजोबांच्या काळातल्या विलायती दुनळ्या अजून पुष्कळ घरांत आहेत. त्यांच्या नळीखालच्या सपाट भागावर अडीच इंच असे कोरलेले असेल तर 65 चेच काडतूस घ्यावे. नळीवर वेटोळ्यांची नक्षी दिसत असेल तर जाणकार बंदूक कारागिराला दाखवल्याशिवाय एकही बार काढू नये. घरात वीस बोरचीही बंदूक असेल तर दोन्हींची काडतुसे एका डब्यात कधीच ठेवू नयेत. वीसचे काडतूस बाराहून बारीक, ते बाराच्या नळीत पुढे घसरून अडकते, मागून बारा बोरचे भरले की नळी फुटते. वीस बोरची काडतुसे पिवळी करण्याची पद्धत याच कारणाने पडली.

आता साठवण. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. पत्र्याखालच्या लोखंडी पेटीत त्याहून कितीतरी जास्त तापते. धुररहित दारू टिकावी म्हणून तिच्यात स्थिरक घातलेला असतो. सततच्या उष्णतेने तो लवकर संपतो आणि मग दारू स्वतःच आम्ल सोडत कुजू लागते. पेटी उघडल्यावर आंबूस, नाकाला झोंबणारा वास आला तर ती काडतुसे वापरू नयेत. श्रावणातली दमट हवा वेगळे नुकसान करते. कागदी नळकांडे फुगते, गोल वळलेल्या तोंडावरची चकती ढिली होते, शिशावर पांढरी भुकटी धरते.

गोठ्याजवळ आणि खताच्या गोणीशेजारी काडतुसे ठेवण्याचा दोष तर इथे घरोघर आहे. गोमूत्रातून आणि ओलसर युरियातून अमोनिया सुटतो, आणि ताणाखालच्या पितळेला अमोनिया चिरा पाडतो. हा प्रकार ओळखला गेला तोच मुळी भारतात. ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवली की त्यांचे पितळ तडकत असे. 1921 मध्ये त्याचे कारण अमोनिया असल्याचे सिद्ध झाले. बुडाचे पितळ तडकले तर गरम वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. चामड्याच्या पट्ट्यात काडतुसे खोचून ठेवल्यास पितळ हिरवे पडते, ते चामड्यातल्या आम्लामुळे. पट्टा राखणीपुरता बांधावा, घरी आल्यावर रिकामा करावा.

धाब्याचे घर असेल तर त्याची आतली खोली यासाठी उत्तम, मातीच्या जाड छतामुळे तिथे तापमान फार चढत-उतरत नाही. रबरी कडेचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, पाच लिटरच्या डब्याला पन्नासेक ग्रॅम. रंग बदलणारे दाणे निळ्याचे गुलाबी झाले की ते तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत गरम करून, थंड झाल्यावर पुन्हा वापरता येतात. हे काम काडतुसांपासून दूर करावे. डबा कुलपाच्या लाकडी कपाटात, बंदूक वेगळ्या कुलपात. फ्रिजमध्ये ठेवू नये. बाहेर काढताच पितळावर दव धरते. तेलाचा फडका तर मुळीच फिरवू नये. टोपीच्या (बुडाच्या मध्यातला, ठोका बसताच दारू पेटवणारा भाग) कडेने तेल आत झिरपते आणि बार फुसका जातो.

घेताना बूड, टोपी, तोंड बघावे. टोपी बुडाच्या पातळीत हवी, वर आलेली नको. बुडाला लोहचुंबक लावावे : चिकटले तर आत पोलाद आहे, मुलामा खरचटला की गंजणार. फुगलेल्या काडतुसाची शंका असेल तर दुनळीची नळी दस्त्यापासून सोडवून त्यात घालून बघावे. स्वतःच्या वजनाने आत-बाहेर झाले तर ठीक, दाबावे लागले तर बाद.

घोडा पडूनही बार झाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून साठ अंक मोजावेत, मगच बंदूक उघडावी. ‘फुस्स’ असा दबका आवाज आला तर बंदूक रिकामी करून मागून नळीत उजेड बघावा. आत वाटी अडकलेली असताना दुसरा बार काढला की नळी फाटते. बाद काडतुसे विहिरीत, चुलीत किंवा मातीत टाकू नयेत. परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलिस ठाण्याला विचारून तिकडे जमा करावीत. आणि शस्त्र परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. ती 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते.

जिल्हा प्रशासनाला आमची मागणी दोनच गोष्टींची आहे. विक्रेत्याने पावतीवर काडतुसाची लांबी, लॉट क्रमांक आणि उत्पादनाचा महिना-वर्ष लिहिणे सक्तीचे करावे. आणि परवाना नूतनीकरणाला येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती साठवणीची माहिती देणारे एक पानी मराठी पत्रक द्यावे, शक्यतो मार्चअखेर, ऊन तापण्याच्या आत.

आपले,
काही परवानाधारक शेतकरी,
रावेर-यावल परिसर, जि. जळगाव