पाच मार्कांचं पाठ केलेलं पत्र

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

साताऱ्यात राजवाड्याच्या बाजूला माझं झेरॉक्सचं दुकान आहे, त्यामुळं दहावीच्या पोरांचं इंग्रजी मला त्यांच्या सरांच्या आधी दिसतं. जानेवारी लागला की एकच पत्र दिवसभर मशीनमधनं निघत राहतं. नगरपालिकेला, कचरा उचलत नाहीत म्हणून. पेठेचं नाव तेवढं बदलायचं, बाकी जसंच्या तसं, पत्राला पाच मार्क. परवा एका पोराला सहज विचारलं, अरे यात इनकन्व्हिनियन्स लिहिलंय ते काय असतं रे, तर म्हणतो काका ते तसंच लिहायचं असतं. पोरगं चांगलं चुणचुणीत आहे हो, त्याचा काय दोष.

२००० सालापासून आपल्याकडं पहिलीपासनं इंग्रजी आहे, म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं झाली आणि तरी ही गत. बोर्डाला शिव्या घालणं सोपंय, पण मी कृतिपत्रिका, म्हणजे इंग्रजीची प्रश्नपत्रिका, रोज बघतो, ती वाईट नाहीये. ८० मार्कांत पुस्तकाबाहेरचा उतारा आहे, सारांश आहे, पत्र आहे, बातमी नाहीतर गोष्ट आहे, म्हणजे पोरानं स्वतः वाचावं आणि स्वतः लिहावं हीच अपेक्षा. घोळ होतो तो तयारीत. माझी मुलगी सांगते, वर्गात सर एक ओळ इंग्रजी वाचतात आणि लगेच मराठीत सांगतात, मग पोरं मराठीच ऐकतात की, इंग्रजी वाचायची गरज कुठं पडली? आणि उताऱ्याची तर युक्तीच ठरलीय, प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा, ती अख्खी ओळ उतरवायची, अर्थ कळला नाही तरी मार्क मिळतात. (मराठी निबंधाचंही वेगळं काही नाही, तो विषय परत कधीतरी.)

तर त्या पोराला म्हटलं, नगरपालिका राहू दे, तुला स्वतःला काय त्रास आहे ते लिही. डोकं खाजवत काउंटरवरच चार ओळी लिहिल्या त्यानं. क्लासवरनं रात्री येताना कुत्री मागं लागतात, तर 'डॉग्ज आर बिहाइंड मी एव्हरी नाईट'. ग्रामरची पार वाट, पण मला कळलं, नगरपालिकेलाही कळलं असतं.

सरांचीही अडचण समजते, वर्गात साठ साठ पोरं, त्यात इलेक्शनची कामं. सगळ्यांच्या वह्या रोज तपासा असं म्हणतच नाही मी. आठवड्यातनं एक तास द्या, औषधाच्या बाटलीवरचं लेबल, बँकेचा मेसेज, असलं घरात येणारं इंग्रजी पोरांनी आधी मनातल्या मनात वाचायचं, काय कळलं ते सांगायचं, सरांनी मराठी शेवटी. मग त्यावर पाच ओळी लिहायच्या. सरांनी रोज दहाच कागद बघावेत, तेही एकच चूक धरून, आज फक्त क्रियापद, पुढच्या वेळी दुसरं काहीतरी, आणि पोरानं तेच परत लिहून आणायचं. सगळा कागद लाल केला की पोरगं पुन्हा पाठांतराकडंच पळतं, कारण पाठ केलेल्यात चूक निघत नाही ना.

कागदाची काळजी नको, माझ्याकडं पाठकोऱ्या कागदांचे गठ्ठे पडलेत. कुठल्याही शाळेच्या सरांनी, मॅडमनी येऊन घेऊन जावेत, पैसे नकोत. रविवारी दुकान बंद असतं.

आपला,
एक झेरॉक्सवाला, सातारा